गौरीच्या झोपाळ्याची मोटार

माझ्या सासऱ्यांच्या मते जगात दोनच प्रकारची दुःखं होती: तेल दिल्याने बरी होणारी आणि स्क्रू आवळल्याने बरी होणारी. तिसरा प्रकार त्यांना मान्य नव्हता. उभी हयात एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात गेलेली. निवृत्त झाल्यावर बोर्ड सुटला, पण नजर सुटली नाही. लग्न होऊन मी घरात आले त्या पहिल्याच आठवड्यात खिडकीशी उभी राहून माहेरच्या आठवणीने डोळे पुसत होते, तर ते मागून म्हणाले, "वारं फार येतं का गं तिथून? पट्टी मारून देतो." आणि खरंच मारून दिली. वारं थांबलं आणि हसू आल्यामुळे रडूही थांबलं, म्हणजे त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

आम्ही तेव्हा सदाशिव पेठ सोडून कोथरूडला नव्यानेच राहायला आलो होतो. कोथरूड अजून पुरतं शहर झालेलं नव्हतं. आमच्या इमारतीच्या मागे ज्वारी उभी असायची आणि पुढे बस, तिच्या मनात आलं तर. नवऱ्याची नोकरी फिरतीची, त्यामुळे घरात खरं म्हणजे आम्ही तिघंच: सासूबाई, सासरे आणि मी. सासरे हवेवर खूश, मी नव्या स्वयंपाकघरावर खूश. सासूबाई कशावरच खूश नव्हत्या.

त्यांचं दुःख चैत्रात वर यायचं. पेठेत त्यांच्या चैत्रगौरीचं हळदीकुंकू म्हणजे आळीतला सोहळा. महिनाभर गौर लहानशा सागवानी झोपाळ्यात बसलेली, समोर चैत्रांगण, आणि ठरलेल्या शुक्रवारी बायकांची रीघ. वाटली डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी हे तर सगळ्यांकडेच असतं. पण आमच्याकडे कुंकू लावून घेतलेली प्रत्येक बाई गौरीला एक झोका द्यायची, मग तिथेच टेकायची, आणि एकदा टेकली की पदर सावरत चांगली तासभर बोलायची. सासूबाई सांगायच्या, त्या दिवशी झोपाळा म्हणून थांबायचा नाही.

कोथरूडच्या पहिल्या चैत्रात त्यांनी पेठेतल्यासारखीच जिन्यात पाटी लावली. मजकूर त्यांचा, अक्षर सासऱ्यांचं, नकाशावर असतं तसं सरळ आणि टोकदार, भोवती लाल पेन्सिलीची चौकट. "चैत्रगौरीचे हळदीकुंकू. शुक्रवारी सायंकाळी पाच ते सात. सातनंतर येऊ नये. चपला जिन्यात अस्ताव्यस्त काढू नयेत." पेठेत अशा पाटीला आग्रहाचं आमंत्रण समजतात. आमच्या इमारतीत सातारा, नगर, खानदेश, कुठकुठची माणसं राहायला आलेली. त्यांनी पाटी वाचली आणि चपला घालून आपापल्या घरातच बसली. एक बाई आल्या तेवढ्या. त्याही वरच्या मजल्यावरच्या शिकवणीची चौकशी करायला निघाल्या होत्या आणि मजला चुकल्या होत्या. सासूबाईंनी त्यांना कुंकू लावलं, ओटी भरली, पन्हं पाजलं आणि मग वरचा जिना दाखवला.

पातेलंभर भिजवलेले हरभरे उरले. त्यांची उसळ झाली, मग कटलेट झाली, मग पुन्हा उसळ झाली. झोपाळा पुसून फडक्यात बांधताना सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी एकदा बघते. असंच झालं तर झोपाळा माळ्यावर टाकायचा तो कायमचा. गौर देव्हाऱ्यात बसेल गप, माझ्यासारखी." त्या उगाच बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. झोपाळा माळ्यावर गेला की त्यांनी कोथरूडपुढे हात टेकले असं समजायचं, हे मला त्याच क्षणी कळलं.

वर्ष फिरलं, गौर पुन्हा झोपाळ्यात बसली. सासूबाईंनी रोज सकाळ-संध्याकाळ फुलं वाहिली, गुलाबपाणी शिंपडलं आणि एका सकाळी सुस्कारा टाकून म्हणाल्या, "नुसता लटकलाय बिचारा. झोका द्यायला माणूस नाही."

पेपरामागून सासरे म्हणाले, "हलवायचाच आहे ना?"

मला तेव्हाच धोका कळायला हवा होता. शनिवारचं अर्ध्या दिवसाचं ऑफिस करून दुपारी मी आले तर हॉलमध्ये पेपर अंथरलेला, त्यावर पक्कड, कानस, चकत्या, आणि मोडक्या खेळण्यातल्या गाडीची एक इवलीशी मोटार. संध्याकाळपर्यंत झोपाळ्याच्या मागच्या फळीवर यंत्र बसलं. मोटारीवरून रबरी पट्टा एका मोठ्या चकतीवर, चकतीच्या कडेला खिळा, खिळ्याला दोरा आणि दोऱ्याचं दुसरं टोक झोपाळ्याला. चकती फिरली की दोरा ओढायचा, सोडायचा, ओढायचा, सोडायचा. खाली पत्र्याच्या डबीत टॉर्चचे दोन मोठे सेल. सासऱ्यांनी बटण दाबलं आणि गौर अलगद झुलायला लागली. खरंच सुंदर दिसत होतं. मी टाळ्या वाजवल्या.

सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. "छान आहे. आपोआप हलतोय," म्हणाल्या आणि आत गेल्या. सासऱ्यांनी त्यातलं "छान आहे" ऐकलं. मी "आपोआप" ऐकलं.

आता देवी झुलते म्हटल्यावर तिला थांबवायचं कसं? सासऱ्यांना बटण बंद करणं जिवावर यायचं. परिणामी सेल दुसऱ्या सकाळी माना टाकायचे. मग टॉर्चमधले सेल गेले, मग ट्रान्झिस्टरमधले. सकाळच्या बातम्या बंद झाल्या, आणि लाइट गेल्यावर मेणबत्ती शोधायला काडेपेटी, आणि काडेपेटी शोधायला टॉर्च, असा घोळ सुरू झाला. नवे सेल आणावेत तर तेही दिवसभरात गार. सासूबाई म्हणाल्या, "एवढं तर मी माणसांना खायला घालत नाही."

शेवटी सासरे म्हणाले, "भिंतीत वीज आहे आणि आपण सेल जाळतोय. गाढवपणा आहे." त्यावर आमचं एकमत होतं. आता ज्याला ॲडॉप्टर म्हणतात त्याला तेव्हा बॅटरी एलिमिनेटर म्हणायचे, आणि तो घ्यायला विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत जायचं असायचं. मी मोपेड काढली, सासरे मागे, त्यांच्या मांडीवर मोटार, मोटारीवर रुमाल. डेक्कनवरून लकडी पूल ओलांडेपर्यंत ते मला "सावकाश, हिला धक्के सोसत नाहीत," असं सांगत होते. मला वाटलं माझ्याबद्दल म्हणतायत.

दुकानदाराने मोटार उलटीसुलटी करून पाहिली. "कशाला हवाय?"

"देवीच्या झोपाळ्याला," सासरे म्हणाले.

"बरं. आमच्याकडे देवीसाठी वेगळा येत नाही. हाच येतो." त्याने काळ्या डब्यासारखा एलिमिनेटर काउंटरवर ठेवला. मागे एक बारीकशी सरकपट्टी होती: तीन, साडेचार, सहा, साडेसात, नऊ, बारा व्होल्ट. त्याने प्लग लावून मीटरचा काटा हलतो का बघितला, वायर गुंडाळली आणि आमच्या हातात दिला. पावती मागितल्यावर त्याने आमच्याकडे असं पाहिलं की आम्ही ती घेतली नाही.

घरी आल्यावर प्रश्न उभा राहिला तो डबीचा. वायर सरळ मोटारीला डाख देऊन जोडता आली असती. पण सासऱ्यांचं म्हणणं, लाइट गेली तर? तेव्हा सेल घालता यायला हवेत, कापाकापी नको. म्हणून त्यांनी सेलच्या जागी बसतील असे खोटे लाकडी सेल करायचे ठरवले. सेलच्या जाडीचं, गोल, गुळगुळीत लाकूड घरात एकच होतं. संध्याकाळी सासूबाई पोळ्यांना बसल्या आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "अगं, माझं लाटणं आखडलं का गं?"

लाटण्याचे दोन तुकडे डबीत बसले होते, टोकांना स्क्रू, स्क्रूंना वायरी. सासूबाईंनी उरलेल्या ठोकळ्याने पोळ्या लाटल्या. त्या पुऱ्यांएवढ्या झाल्या. सासऱ्यांनी निमूट जास्त खाल्ल्या.

मग उद्घाटन. भिंतीतला प्लग लावला, सासऱ्यांनी हात जोडले आणि बटण दाबलं. दुकानदाराने पट्टी नऊवर ठेवून तपासलं होतं आणि ती नऊवरच राहिली होती, हे आमच्यापैकी कोणीच बघितलेलं नव्हतं. मोटार किंचाळली. झोपाळा एकदा पुढे गेला, एकदा मागे, आणि तिसऱ्या वेळी पितळी गौर त्यातून उडून थेट समोरच्या नैवेद्याच्या हरभऱ्यांच्या ताटात जाऊन बसली. बसली मात्र सरळ, तोंड पूर्वेला.

"देवीला यात्रेला न्यायचं होतं तर आधी सांगायचं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी तिला दुधापाण्याने न्हाऊ घातलं, पुसलं, कुंकू लावलं. मी जवळ गेले तर हळूच म्हणाल्या, "चिन्ह बरं नाही गं. तिलाही इथे राहायचं नाहीये."

सासऱ्यांनी पट्टी तीनवर आणली. तरी हा पठ्ठ्या थोडी जास्तच वीज द्यायचा आणि झोपाळा लगबगीने हलायचा. मग त्यांनी मधे टॉर्चचा एक छोटा दिवा जोडला. निम्मा जोर दिवा खायचा, निम्मा मोटार. झोपाळा शांत झाला आणि दिवा मंद पिवळा लागला, तो त्यांनी कागदी कमळात बसवला. मला तर ते गोजिरं वाटलं. पण एक आवाज राहिला, घुर्रर्र, लाकडातून जमिनीत जाणारा. आता सेल संपायची भीती नव्हती, त्यामुळे तो दिवसभर चालू.

दोन दिवसांनी दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरच्या बाई. त्यांच्याशी आमची ओळख जिन्यात मान हलवण्यापुरती. त्यांच्या घरच्यांच्या शेतावरच आमची इमारत उभी होती, आणि जमिनीच्या मोबदल्यात त्यांना खालचा फ्लॅट मिळाला होता, एवढं माहीत होतं. सासूबाईंचा समज, त्या तोऱ्यात असतात. त्यांचाही समज आमच्याबद्दल तोच होता, हे पुढे कळलं.

"अवो ताई, दिसभर काय दळताय काय तुम्ही?" त्या दारातूनच म्हणाल्या. "डोक्यावर नुसतं घुर्रर्र घुर्रर्र. आमच्या म्हाताऱ्याला वाटतंय घरात भुंगा शिरलाय. सकाळपासनं काठी घेऊन बसलाय."

सासूबाई अवघडल्या. "अहो, ते गौरीचं... या ना आत."

बाई आत आल्या, पदर डोक्यावर घेऊन गौरीपुढे वाकल्या. मग झोपाळ्याच्या मागे डोकावल्या, चकती पाहिली, दोरा पाहिला. "अन् मशीन कशाला हो हिला?"

"झोका द्यायला कोण आहे इथे?" सासूबाई म्हणाल्या. वर्षभर दाबलेलं त्या एका वाक्यात बाहेर आलं.

"बोलवलं का कुनाला?"

"पाटी लावली होती की मागच्या वर्षी."

"ती व्हय!" बाईंनी कपाळाला हात लावला. "ती वाचून आमची सून म्हनली, सात वाजले की ह्या दार लावून घेत्यात. अन् वरची म्हनली, आपल्या चपला काय त्यांच्या जिन्याजोग्या न्हाईत. कोन येनार मग?"

सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अहो, तसं नाही... ते सगळेच लिहितात."

"कुटं लिहित्यात?"

"पेठेत."

"ताई, हे आमचं वावर हाय," बाई हसून म्हणाल्या. "हितं दारात जाऊन कुंकू लावून बोलवावं लागतंय."

सासूबाईंनी करंडा उघडला, पहिलं बोट त्या बाईंच्या कपाळी टेकवलं आणि आत जाऊन साडी बदलून आल्या. खालच्या बाई म्हणाल्या, "चला, मी येते संगं." दोघी वरच्या मजल्यापासून सुरुवात करायला गेल्या. मी दारात कान लावून उभी. घंटा वाजायची, कडी निघायची आणि माझ्या सासूबाईंचा कधी न ऐकलेला मवाळ आवाज यायचा, "शुक्रवारी नक्की यायचं हं आमच्याकडे. पाचपासून कधीही या." मग एक छोटा श्वास. "सातनंतरही."

सासऱ्यांनी तेवढ्यात जुन्या रबरी चपलेचे तुकडे कापून झोपाळ्याच्या पायांखाली घातले होते. घुर्रर्र निम्म्यावर आली आणि खालच्या आजोबांनी काठी ठेवली म्हणे.

शुक्रवार उजाडला तो कढईतून काढल्यासारखा. पाचला मी चैत्रांगण पुन्हा रेखलं, सासऱ्यांनी आतल्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं. बायकांच्या हळदीकुंकवात पुरुषाने दिसू नये हा आमच्या घरचा नियम. खिशात नवेकोरे दोन सेल मात्र घेऊन बसले, लाइट गेली तर असावेत म्हणून. भिंतीपलीकडून मोटारीचा आवाज त्यांना ऐकू यायचा, त्यावर त्यांचं समाधान.

आणि बायका आल्या. खरंच आल्या. मी सासूबाईंकडे बघितलं तर त्यांचे डोळे भरलेले आणि हात कुंकवाच्या करंड्यात. पण थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं, काहीतरी बिघडतंय. समई विझू नये म्हणून छताचा पंखा बंद. हॉल तव्यासारखा तापलेला. रेशमी साड्यांतल्या बायका घाम टिपत उभ्या. त्या गौरीपुढे यायच्या, आपोआप हलणाऱ्या झोपाळ्याकडे हात जोडून बघायच्या, "वा, छान केलंय" म्हणायच्या, ओटी घ्यायच्या आणि दाराकडे वळायच्या. झोपाळ्याला हात लावायची गरज नव्हती, म्हणून जवळ जायचं कारण नव्हतं, आणि जवळ गेलं नाही म्हणून बसायचंही नव्हतं. आमचं हळदीकुंकू रेशनच्या रांगेसारखं पुढे सरकत होतं. असंच चाललं असतं तर सहाच्या आत घर रिकामं.

"टेबलफॅन तरी लाव गं," सासूबाई मला म्हणाल्या. मी फॅन आणला आणि उभी राहिले. हॉलमध्ये प्लगचा पॉइंट एकच, आणि त्यात सासऱ्यांचा एलिमिनेटर.

सासूबाईंनी झोपाळ्याकडे पाहिलं, मग दाराशी चपला शोधणाऱ्या बायकांकडे. मग स्वतः वाकल्या आणि एलिमिनेटर उपटला. "देवी थांबेल जरा. ह्या थांबायच्या नाहीत," म्हणाल्या, आणि माझ्या हातातला प्लग घेऊन खोचला. फॅनचं तोंड त्यांनी समईकडून वळवून बायकांकडे केलं. कागदी कमळातला दिवा विझला, झोपाळा मध्येच तिरका अडकून राहिला. खिळ्यावरचा दोरा त्यांनी बोटाने काढून टाकला.

"आता कसं!" खालच्या बाई म्हणाल्या. त्या पुढे झाल्या आणि पहिला झोका दिला.

मग काय विचारता. जिने झोका दिला ती गौरीपुढे टेकली, जी टेकली तिला दुसरं पन्हं मिळालं. साताऱ्याकडच्या एकीने फर्मान काढलं, नाव घेतल्याशिवाय झोका द्यायचा नाही. उखाणे सुरू झाले, लाजणं, आग्रह, हशा. दाराशी पोचलेल्या दोघी परत फिरल्या. झोपाळा म्हणून थांबत नव्हता.

आणि आतली खोली उघडली. मोटारीचा आवाज बंद झालेला ऐकून सासरे नियम विसरले होते. दोन्ही मुठींत एकेक सेल घेऊन ते दारात उभे. "लाइट गेली का? सेल आहेत माझ्याकडे."

बायकांनी पदर सावरले. सासूबाई म्हणाल्या, "लाइट आहे. फॅन लावलाय."

"मग झोपाळा?"

"बघा की."

त्यांनी बघितलं. एक तरुण मुलगी नाव घेता घेता अडखळली होती आणि तिचं बोट झोपाळ्यावर होतं. इतक्या दिवसांची खटपट, तपकीर गल्ली, ते लाटणं, आणि शेवटी एका बोटाने भागत होतं. मला त्यांची इतकी दया आली की मी पन्ह्याचा पेला घेऊन पुढे गेले. त्यांनी सेल खिशात टाकले, पेला घेतला आणि हळूच मला म्हणाले, "हिला माणसं हवी होती होय." मी मान हलवली. ते पन्हं घेऊन आत गेले आणि दार लावून घेतलं.

सात वाजून गेले, आठही झाले असतील. शेवटी खालच्या बाई निघाल्या. त्यांनी ओट्यावर राहिलेली वाटली डाळ आजोबांसाठी वाटीत नेली. हॉलभर हरभरे सांडलेले, पेले, फुलांच्या पाकळ्या, आणि बाहेर जिन्यात दोन बायका अजून बोलत उभ्या होत्या. सासरे बाहेर येऊन खुर्चीत बसले. विस्कटलेल्या यंत्राकडे बघणं टाळत होते.

सासूबाईंनी फॅनचा प्लग काढला. दोरा पुन्हा खिळ्यावर अडकवला, एलिमिनेटर उचलला, पट्टी डोळ्यांजवळ नेऊन तीनवर आहे हे पाहिलं, आणि भिंतीत खोचला. कमळात दिवा लागला. गौर झुलायला लागली. सासरे उठायला लागले तर म्हणाल्या, "बसा. मला जमतं. बाकीचे दिवस तुमचंच यंत्र लागणार आहे तिला."

मग जमिनीवरचे हरभरे वेचता वेचता त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "आणि हे बघा. पुढच्या चैत्राच्या आत इथे आणखी एक पॉइंट काढून घ्या."

सासरे मीटरपट्टी शोधायला उठले.